उसना घेतलेला विनोद : एका ट्रान्स पुरुषाचं ऑफिसातलं प्रकरण

हे प्रकरण ऑफिसांमधल्या प्रशिक्षणात चर्चेला घेण्यासाठी रचलेलं आहे. त्यातला माणूस म्हणजे कुणी एक जण नाही. अनेकांच्या वाट्याला येतं ते एकाच्या अंगावर घातलंय, म्हणजे वाचणाऱ्याला कुणाच्या दारापर्यंत माग काढता येऊ नये. कायदा, व्याकरण आणि गावं तेवढी खरी. माणसाला नाव न देता क्ष म्हणू या. (गुणसूत्रांवरचा जो विनोद आत्ता तुम्हाला सुचला, तो त्याच्या मित्रांचा केव्हाच करून झालाय.)

क्ष ३१ वर्षांचा. गाव कोल्हापूर जिल्ह्यातलं, कुटुंब दलित, नोकरी पुण्यात. दुचाकीसाठी कर्ज देणाऱ्या एका खासगी कंपनीत तो थकलेल्या हप्त्यांसाठी फोन करतो. जन्मदाखल्यावर मुलगी असं लिहिलेलं, त्यामुळे कामाला लागला तेव्हा सगळे मॅडम म्हणायचे. दुसऱ्या वर्षी त्यानं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घ्यायला सुरुवात केली, पुढे नाव बदललं, एचआरला आणि टीम लीडला स्वतः जाऊन सांगितलं. जुन्या टीममधल्या चार-पाच जणांना सगळं ठाऊक आहे. नंतर भरती झालेल्यांसाठी तो पहिल्यापासून सर.

कंपनीच्या स्नेहसंमेलनात फिशपॉन्ड होते. चिठ्ठ्या वाचायला टीम लीडच उभा होता. क्षच्या नावावर हे आलं :

मॅडमची झाली बदली, खुर्चीत बसले सर;
डबा तोच, पेन तेच, मिशी तेवढी वर!

जुने चार-पाच जण खदाखदा हसले. बाकीच्यांना काही कळेना, पण पुढच्या रांगा हसतायत म्हटल्यावर मागच्याही हसल्या. मग कुणीतरी शेजाऱ्याच्या कानात सांगितलं, त्यानं त्याच्या शेजाऱ्याच्या. ज्याला फिशपॉन्ड पडला त्यानं उत्तर द्यायची पद्धत, म्हणून माईक क्षकडे आला. तो म्हणाला, "हा विनोद सरांनी माझ्याकडून उसना घेतलाय. हप्ता थकलाय. सकाळी आठच्या आधी फोन करायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही, म्हणून उद्या आठ वाजून एक मिनिटानं करीन." हॉल पुन्हा हसला, या वेळी सगळा. वसुलीचे फोन सकाळी आठ ते संध्याकाळी सात एवढ्यातच करायचे, हा नियम तिथल्या प्रत्येकाच्या टेबलासमोर चिकटवलेला असतो.

विनोद खरोखरच उसना होता. आवाज फुटायला लागला तेव्हाची गोष्ट. गोळी-इंजेक्शनाचा परिणाम कागदावर दिसायच्या आधी फोनवर ऐकू येतो. त्याच त्या कर्जदारांना महिन्यामहिन्याला फोन करणाऱ्या माणसाचा आवाज त्या काही महिन्यांत एकेक पायरी खाली उतरत होता. सर्दी झालीय, घसा बसलाय ही कारणं करून संपली. एक दिवस इंदापूरकडच्या एका कर्जदारानं सरळ विचारलं, "आधीच्या मॅडम कुठं गेल्या?" क्षच्या तोंडून निघून गेलं, "त्यांची बदली झाली. हे खातं आता माझ्याकडं." पलीकडून उत्तर आलं, "बरं झालं. लई डोकं खायची ती."

हा किस्सा त्यानं डब्याच्या वेळी चौघांना सांगितला, आणि त्या टेबलावरचं अवघडलेपण त्या दिवशी संपलं. तोवर त्याच्याशी कुणी काय बोलावं हे कुणालाच कळत नव्हतं. 'तू जेवलास का' म्हणायचं की 'जेवलीस का', इथपासून खोळंबा. मराठीत कुणाला आपुलकीनं तू म्हणायचं तर आधी त्याचं लिंग ठरवावं लागतं. 'तुम्ही जेवलात का' म्हटलं की काहीच ठरवावं लागत नाही. म्हणून कालपर्यंत अरे-तुरे करणारे जुने सहकारी एकाएकी अहो-जाहोवर आले होते. क्षला हा आदर मुळीच नको होता. बदलीच्या किस्स्यावर हसता हसता एक जण म्हणाला, "साल्या, काय डोकं आहे तुझं!" तिथून सगळे तूवर परत आले. या प्रकरणातला विनोद पहिल्यांदा उपयोगी पडला तो असा, आणि हे मला पुढच्या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. क्षनं तिथं दुःख हसण्यावारी नेलं नव्हतं. आपल्याशी कसं बोलायचं हे त्यानं एका किस्स्यात शिकवून टाकलं होतं.

व्याकरणाशी त्याचं हे खेळणं जुनं आहे. कोल्हापूरकडे बायकाही 'मी येतो', 'मी जेवलो', 'मी काय म्हणतो' असं बोलतात. त्यामुळे लहानपणापासून क्ष 'मी येतो' म्हणत होता आणि कुणाच्या भुवया वर गेल्या नव्हत्या. त्याची बहीणही तसंच म्हणायची, आईही. फरक एवढाच, की त्याला ते म्हणताना बरं वाटायचं, आणि का बरं वाटतं हे सांगायला कुणी नव्हतं. कॉलेजसाठी पुण्यात मुलींच्या वसतिगृहात आल्यावर पहिल्याच आठवड्यात रेक्टरबाई म्हणाल्या, "मुलीसारखं बोल. 'येते' म्हणावं." मैत्रिणी हसल्या, पण त्या हसण्याचा रोख कोल्हापूरवर होता. 'कोल्हापूरची आहे' एवढं म्हटलं की 'येतो', आखूड केस, शर्ट, बुलेटचं वेड, सगळ्याचा खुलासा होऊन जायचा. जिल्ह्याच्या आड एक माणूस कॉलेजची सगळी वर्षं बिनबोभाट राहिला.

'येते' त्याच्या जिभेवर चढेना आणि 'येतो' म्हटलं की रेक्टरबाई. मग त्यानं पळवाटा हुडकल्या, ज्या मराठी बोलणारे अनेक ट्रान्स लोक आपापल्या हुडकतात. भविष्यकाळ निर्धोक आहे : 'मी येईन', 'मी करणार'. सकर्मक भूतकाळ निर्धोक आहे : 'मी चहा घेतला', 'मी पुस्तक वाचलं', क्रियापद चहाच्या आणि पुस्तकाच्या मागे जातं, बोलणाऱ्याकडे बघतही नाही. 'मला भूक लागली' चालतं. 'आम्ही निघतो' चालतं, फक्त एकटा माणूस आम्ही म्हणायला लागला की लोक त्याला जहागीरदार समजतात. खड्डे आहेत ते 'विसरणे', 'शिकणे', 'बोलणे' असल्या क्रियापदांत. कर्म असलं तरी ती कर्त्यालाच धरून राहतात. 'मी छत्री विसरलो' की 'विसरले', इथं सुटका नाही. क्ष म्हणायचा, "म्हणून मी कधी काही विसरत नाही. माझ्याकडून राहून जातं."

नोकरीत या सरावाचा फायदा झाला. फोनवर वाचायची छापील संहिता 'मी अमुक कंपनीतून बोलत आहे' अशी होती. पुस्तकी मराठीतलं ते 'बोलत आहे' बाईला चालतं तसं बुवाला. ज्या ठोकळेबाज वाक्याला बाकीचे नाकं मुरडायचे, ते आवाज बदलत असतानाच्या काळात त्याच्या फार कामाचं होतं.

आता स्नेहसंमेलनानंतरचा सोमवार. फिशपॉन्डची क्लिप ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शनिवारीच पडली होती, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. सोमवारी कुणी काही बोललं नाही. मंगळवारी नव्या बॅचमधल्या एका मुलानं चहाच्या मशीनपाशी विचारलं, "भाऊ, राग मानू नको, पण खाली काय आहे नक्की?" बुधवारी पुरुषांच्या टॉयलेटमधून तो बाहेर येताना दाराशी उभे असलेले दोघे गप्प झाले. ज्या मुलीबरोबर तो रोज एकाच रिक्षानं स्टेशनपर्यंत जायचा, तिनं वेगळी रिक्षा धरली. तिला त्याचं ट्रान्स असणं खटकलं नव्हतं. आपल्याला सांगितलं नाही, हे खटकलं होतं. आणि 'बदली' हा शब्द आता ऑफिसात सगळ्यांचा झाला होता. कुणी रजेवर गेलं तरी 'मॅडमची बदली झाली काय?'

क्षनं एचआरला मेल लिहिला. बोलावणं आलं. एचआरच्या बाई मनानं चांगल्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, "पण तुम्ही किती स्पोर्टिंगली घेतलंत! त्या दिवशीचं बेस्ट उत्तर तुमचंच होतं." टीम लीडचं म्हणणं, "आमच्यात चालतं हे. तो स्वतःच सांगतो ना सगळ्यांना."

प्रशिक्षणात इथं मी थांबायला सांगते आणि पहिला प्रश्न विचारते : क्षनं स्टेजवर उत्तर दिलं नसतं तर? माईक हातात आहे, दोनशे माणसं बघतायत. गप्प बसला तर लागलं म्हणून सगळ्यांना कळणार. रागावला तर 'यांना विनोद कळत नाही'. हसून परतफेड केली तर अब्रू वाचते, पण तीच परतफेड पुढे पुरावा म्हणून त्याच्यासमोर येते. त्याची हजरजबाबी शाबूत आहे, म्हणजे त्याला काही झालेलंच नाही, असा हिशोब एचआरनं मांडला. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक टीम लीडची नाही, या हिशोबाची आहे. टीम लीडला निदान कळलं होतं की विनोद क्षचा आहे. तो किती जणांना सांगायचा हा निर्णयही क्षचाच होता, हे त्याच्या लक्षात आलं नाही. चौघांत सांगितलेली गोष्ट दोनशे जणांत वाचली, तर शब्द तेच राहिले तरी गोष्ट तीच राहत नाही.

क्षचे चार ट्रान्स मित्र आहेत. रविवारी कुणाच्या तरी खोलीवर जमतात. तिथले विनोद याच्या दहापट जहाल असतात. तिशीत मिसरूड फुटण्याचे, मे महिन्यात छातीला आवळून बांधलेल्या बाइंडरचे, दाढी येत नाही म्हणून कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं दाखवलेल्या सहानुभूतीचे. एक किस्सा जिल्हाधिकारी कार्यालयातला आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं. त्यासाठी दाढीवाला मित्र खिडकीशी गेला, तर कारकुनानं अर्ज पाहिला, वर पाहिलं आणि म्हणाला, "ज्यांचं काम आहे त्यांना घेऊन या." तृतीयपंथी म्हटलं की साडी, टाळी आणि सिग्नल एवढंच डोळ्यांपुढे येतं, बाईचा पुरुष झालेला माणूस त्या चित्रात कुठेच नाही. तृतीयपंथी बायकांच्या वाट्याला येतो तो छळ या अदृश्यपणामुळे टळतो, हे या मित्रांना माहीत आहे, आणि त्यावरही ते विनोद करतात.

घरचा विनोद निराळा. वडिलांनी दोन मुलींनंतर जोतिबाला मुलासाठी नवस बोलला होता, आणि तिसरा क्ष. कित्येक वर्षांनी धीर करून सगळं सांगितल्यावर वडील भिंतीकडे बघत बसले. क्ष म्हणाला, "नवस फळला म्हणा की. पार्सल तेवढं चुकीच्या पत्त्यावर फिरून आलं." वडील हसले नाहीत, पण रात्री जेवायला हाक मारली. हा विनोद त्यानं ऑफिसात कधीच सांगितला नाही. ज्या राज्यात २०११ साली एकट्या सातारा जिल्ह्यात 'नकोशी' असलं नाव ठेवलेल्या २८५ मुलींना नवी नावं द्यावी लागली, तिथं मुलासाठी बोललेल्या नवसावरचा विनोद कुणाच्या डब्यापाशी काय उकरून काढील याचा नेम नाही. आजीनं मात्र कुठलाही विनोद न करता तोडगा काढला. ती त्याला पहिल्यापासून 'आलं का माझं सोनं, जेवलं का' असं नपुंसकलिंगातच लाडानं विचारायची. नातीचा नातू झाला तरी तिला क्रियापद बदलावं लागलं नाही.

ट्रान्स पुरुषांवरचं बरंचसं लिखाण अमेरिकेतलं, आणि तिथं गोरे ट्रान्स पुरुष व बाकीचे यांच्यात मोठी दरी आहे. गोरा माणूस पुरुष म्हणून ओळखला जाऊ लागला की मीटिंगमध्ये त्याचं ऐकून घेतात. काळा माणूस पुरुष म्हणून ओळखला जाऊ लागला की दुकानात त्याच्या मागे पहारेकरी फिरतो आणि रस्त्यात पोलीस अडवतात. कायलर ब्रॉडस या काळ्या वकिलानं जून २०१२ मध्ये अमेरिकी सेनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. तिथं साक्ष देणारा तो पहिला उघड ट्रान्स माणूस. रोजगारातला भेदभाव हाच साक्षीचा विषय होता. तिकडचा विनोदही या दुपदरी अनुभवातून येतो. श्रीलंकन तमिळ घरातला, कॅलिफोर्नियातल्या लँकॅस्टरमध्ये वाढलेला ट्रान्स विनोदी कलाकार डी'लो रंगमंचावर स्वतःची अम्मा होऊन बोलतो, आणि हसू येतं ते त्या बोलीसकट, त्या घरासकट.

क्षच्या बाबतीत रंगाच्या जागी जात आहे. गॅझेटात नाव बदलता येतं, लिंग बदलता येतं, पण दहावीच्या गुणपत्रिकेपासून जात पडताळणीच्या दाखल्यापर्यंत सगळं जुन्या नावाचं. नवं नाव आणि जुनी जात एकाच माणसाची आहे, हे प्रत्येक टेबलावर नव्यानं सिद्ध करत बसायचं. यावर रविवारच्या खोलीतला त्याचा ठेवणीतला विनोद म्हणजे 'जात नाही ती जात' ही जुनीच कोटी, नव्या संदर्भासकट : "सगळं गेलं, भावा. ती तेवढी गेली नाही." खोलीत त्यावर सगळ्यात मोठ्यानं हसतो तो त्याच्यासारखाच एक जण. बाकीचे तिघे जरा थांबून हसतात, आणि क्षला तो थांबा दर वेळी ऐकू येतो.

ऑफिसच्या फिशपॉन्डमध्ये त्याच्या जातीवर एक ओळ नव्हती. हे सुधारणेचं लक्षण मानायला मी तयार नाही. १९८९ चा ॲट्रॉसिटीचा कायदा सगळ्यांना नावानिशी माहीत आहे, त्यामुळे जातीवरचं बोलणं स्टेजवरून उतरून 'आज डब्यात काय आणलंय' या चौकशीत जाऊन बसलंय. २०१९ चा कायदा मात्र त्या हॉलमध्ये कुणी वाचलेला नव्हता. त्यात नोकरीत भेदभावाला मनाई आहे, प्रत्येक आस्थापनेनं तक्रार अधिकारी नेमायचा आहे, आणि शारीरिक, शाब्दिक वा मानसिक छळाला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. त्याच कायद्याखालच्या २०२० च्या नियमांत कर्मचाऱ्याची लिंग-ओळख गोपनीय ठेवण्याची तरतूद समान संधी धोरणात हवी, असं स्पष्ट म्हटलंय. कंपनीकडे धोरण होतं. मुख्यालयाकडून आलेलं, इंग्रजीत, कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये.

क्षला शिक्षा नको होती. टीम लीडनंच त्याला नाव बदलताना सगळ्यांच्या आधी नव्या नावानं हाक मारली होती, हे तो विसरलेला नाही. एचआरनं सुचवलं की टीम लीड ग्रुपवर सर्वांसमोर माफी मागेल. प्रशिक्षणात ऐंशी टक्के लोक हाच उपाय सांगतात, असं मी म्हणणार नाही, मोजलेलं नाही. पण पहिला हात वर होतो तो बहुतेक याच उत्तरासाठी. क्षनं नकार दिला. सर्वांसमोर माफी म्हणजे ज्यांना अजून कळलेलं नाही त्यांनाही कळणार, आणि कशाबद्दल माफी हे विचारायला दहा जण त्याच्याच टेबलाशी येणार. त्यानं मागितलं ते साधं होतं : क्लिप ग्रुपवरून काढा, चहाच्या मशीनपाशी प्रश्न विचारणाऱ्या मुलाला कुणीतरी त्याचं नाव न घेता समज द्या, आणि पुढच्या वर्षी फिशपॉन्ड वाचायच्या आधी ज्याच्यावर आहे त्याला दाखवा.

क्लिप ग्रुपवरून गेली; लोकांच्या फोनमधून अर्थातच गेली नाही. मुलाला समज दिली गेली, पण क्षचं नाव घेऊनच. चिठ्ठ्या आधी दाखवायची अट ऐकून आयोजक नाराज झाले : मग त्यात मजा काय राहिली? रिक्षातली मुलगी काही आठवड्यांनी आपणहून परत आली. येताना म्हणाली, "पुढच्या वेळी मला आधी सांग." क्ष म्हणाला, "पुढच्या वेळी? आणखी कितीदा बदलू?"

रविवारच्या खोलीत या प्रकरणावर एकमत झालं नाही. एकाचं ठाम मत, की बाहेरच्यांना हसायला स्वतःहून काही द्यायचंच नाही. दिलं की ते आपलं राहत नाही. क्षचं म्हणणं, की मग डब्याच्या टेबलावर आयुष्यभर अहो-जाहो ऐकत बसू. भांडण बरंच चाललं. कायद्यानं तक्रार करायला हवी होती का, यावर तर दोघे अजून एकमेकांशी नीट बोलत नाहीत.

पुढे दिवाळीनंतरच्या नेहमीच्या फेरबदलात टीम लीडला नाशिकच्या शाखेत पाठवलं. निरोपाच्या चहाला क्षला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा त्यानं सरांचे आभार मानले आणि बदलीवर काही बोलायचा मोह आवरला. रविवारी खोलीत कुणीही आवरला नाही.